इन्व्हर्टरमधले आकडे आणि ग्रिडची सुरक्षा

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारी 2024 मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली. 3 किलोवॉटच्या संचाला 78 हजार रुपये अनुदान, उद्दिष्ट 1 कोटी घरांचं. गच्चीवर पॅनेल बसवताना आपण वीजबिलाकडे बघतो. ग्रिड, म्हणजे सगळ्यांना जोडणारं विजेचं जाळं, मात्र बघतं ते इन्व्हर्टरमध्ये भरलेले आकडे. पॅनेलची वीज घरच्या विजेजोगी करणारं हे यंत्र ग्रिडपासून कधी सुटणार, ते या आकड्यांवर ठरतं.

आधी व्होल्टेज. घरी 230 व्होल्ट येतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांनुसार ते 110 टक्क्यांवर, म्हणजे 253 च्या वर गेलं, की इन्व्हर्टरनं 2 सेकंदांत सुटायचं. आता डीपीपासून, म्हणजे गल्लीतल्या रोहित्रापासून, सगळ्यात लांबच्या घराचा विचार करा. तिथं संध्याकाळी दिवे मंद होतात, म्हणून रोहित्राचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय, बऱ्याचदा चढवून ठेवलेला असतो. दुपारी वापर कमी, आणि सौर वीज उलटी डीपीकडे निघते. तारेत रोध असल्यामुळे शेवटच्या टोकाचं व्होल्टेज डीपीपेक्षाही चढतं. इन्व्हर्टर सुटतो, मिनिटभर थांबून जोडला जातो, पुन्हा सुटतो. ऐन उन्हात युनिटं बुडतात आणि शिव्या पॅनेलला बसतात.

यावर काही जण इन्व्हर्टरची मर्यादाच वाढवून देतात. तक्रार थांबते खरी, पण मग शेजाऱ्याच्या फ्रिजला ते चढं व्होल्टेज सोसावं लागतं. खरा उपाय म्हणजे सगळे संच एकाच फेजवर न टाकता तिन्हींवर वाटणं आणि शेवटच्या खांबांदरम्यान जाड तार ओढणं. टॅप उतरवायचा तर संध्याकाळचं व्होल्टेज आधी मोजा. लहान रोहित्रांना बहुधा टॅपच नसतो.

आता वारंवारिता, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते ते; ग्रिडवर ती 50 हर्ट्झच्या आसपास राहायला हवी. जर्मनीत जुने सौर इन्व्हर्टर 50.2 हर्ट्झला एकदम सुटतील असे बनवले होते. संच थोडे होते तोवर ठीक होतं. पुढे हिशेब मांडला, तेव्हा भर उन्हात हजारो मेगावॉट एका क्षणात जाऊ शकतात असं दिसलं, आणि युरोपची तातडीची राखीव क्षमता होती 3,000 मेगावॉट! 2012 मध्ये वटहुकूम काढून सुमारे 3 लाख संचांचे आकडे बदलावे लागले.

ब्रिटनला हा धडा जास्त महागात पडला. 9 ऑगस्ट 2019 ला वीजवाहिनीवर आकाशातली वीज कोसळली. एक गॅस केंद्र आणि समुद्रातला पवनप्रकल्प कोलमडलाच, पण शेकडो छोट्या संचांच्या रिलेंनाही, म्हणजे बिघाड दिसताच जोडणी तोडणाऱ्या उपकरणांनाही, तो धक्का ग्रिड तुटल्यासारखा वाटला आणि तेही सुटले. वारंवारिता 48.8 हर्ट्झपर्यंत घसरली, सुमारे 11 लाख ग्राहक अंधारात गेले. वारंवारिता सेकंदाला 0.125 हर्ट्झनं बदलली तरी सुटायचं, इतकी त्यातल्या बऱ्याच रिलेंची मर्यादा नाजूक होती. ती 1 हर्ट्झवर नेण्याचं काम मग घाईनं उरकावं लागलं.

आणखी एक गोष्ट, नियोजनात हमखास निसटणारी. वारंवारिता घसरली की भार कमी करायला रिले ठरलेले फीडर, म्हणजे उपकेंद्रातून एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या, आपोआप तोडतात. तो फीडर दुपारी उलट वीज देत असेल, तर तोडल्यानं भार कमी होत नाही, निर्मितीच जाते. तरी फीडरांची यादी बहुतेकदा कमाल भार बघूनच ठरते. सौर संच वाढलेल्या फीडरवर दोन्ही दिशांचं मोजमाप हवं आणि रविवारच्या दुपारचा किमान भार नोंदवायला हवा. प्रत्येक इन्व्हर्टरचे सुटण्याचे आकडेही नेट मीटरच्या, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या, अर्जासोबतच वीज कंपनीच्या उपविभागात नोंदले जावेत. मागून लाखो छपरांवर चढणं कुणालाच परवडत नाही.