उंदीर, घोडा आणि ओशिची

नमस्कार श्रोतेहो. लग्न ठरवताना छत्तीसपैकी किती गुण जुळतात हे आपल्या घरांत आवर्जून पाहिलं जातं. चीन-जपानच्या परंपरेत त्याऐवजी जन्मवर्षाचा प्राणी पाहतात. बारा वर्षं, बारा प्राणी. उंदीर पहिला, घोडा सातवा, म्हणजे चक्रात दोघं अगदी समोरासमोर. आपल्याकडे समसप्तक, म्हणजे एकमेकींपासून सातव्या राशी, शुभ धरतात. तिथे समोरचा प्राणी म्हणजे विरोध! १९६० चा उंदीर आणि १९६६ चा घोडा, हे स्थळ नको म्हणतील. घोड्याचं वाघाशी, कुत्र्याशी, बकरीशी छान जमतं. लक्षात ठेवा, सहा वर्षांचं अंतर नको, चार वर्षांचं चांगलं.

आता ओशिचीची गोष्ट ऐका. सतराव्या शतकातलं एदो, म्हणजे आजचं टोकियो. ओशिची तिथल्या एका भाजीवाल्याची मुलगी. १६८३ च्या सुरुवातीला शहरात मोठी आग लागली. घर गेलं, म्हणून कुटुंबानं एका देवळात आसरा घेतला. तिथे सेवेला असलेल्या एका तरुणावर तिचा जीव जडला. घर पुन्हा उभं राहिलं, मंडळी परतली आणि भेटी थांबल्या. पुन्हा आग लागली तर पुन्हा देवळात जाता येईल, असं त्या पोरीच्या मनानं घेतलं आणि तिनं आग लावली. आग लवकर विझली, पण ती पकडली गेली. सांगतात की न्यायाधीशाला तिची दया आली. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना देहदंड नव्हता, म्हणून त्यानं विचारलं, "तू पंधरा वर्षांची ना?" ती म्हणाली, "नाही, सोळा." त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सोळाच सांगितलं. तिला जिवंत जाळलं.

पुढे लोक म्हणू लागले, ती १६६६ ची, अग्नी-घोड्याची! घोड्याचं वर्ष दर बारा वर्षांनी येतं, पण पाच तत्त्वांपैकी अग्नीशी जोडलेला घोडा साठ वर्षांनी. अशी मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते, ही समजूत जपानात घट्ट बसली. अहो, पण त्या काळी तिथे जन्मताच वय एक धरत. म्हणजे सोळाची ओशिची १६६८ ची, माकडाच्या वर्षातली. पुन्हा सांगते, माकडाच्या वर्षातली. घोड्याचा काही संबंधच नाही!

 

तर १९६६, तेही अग्नी-घोड्याचं वर्ष. जपानात १९६५ साली सुमारे १८ लाख २३ हजार मुलं जन्मली, १९६६ मध्ये सुमारे १३ लाख ६१ हजार, आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाखांच्या वर. मुलगी झाली तर तिचं लग्न कसं होणार, या धास्तीनं आईबापांनी ते एक वर्ष टाळलं. उंदराला घोडा चालत नाही एवढंच नव्हे, या घोड्याच्या मुली कुणालाच नकोशा झाल्या. याचा मला फार राग येतो.

११ सप्टेंबर १९६६ ला जन्मलेल्या किको १९९० साली जपानच्या राजघराण्यात सून म्हणून गेल्या. नवरा राजपुत्र अकिशिनो, १९६५ चा, सापाच्या वर्षातला. लग्नानंतर तीस वर्षांनी, २०२० साली, त्यांना युवराज म्हणून विधिवत घोषित केलं गेलं.

२०२६ हे पुन्हा अग्नी-घोड्याचं वर्ष. चिनी पंचांगानं ते १७ फेब्रुवारीला सुरू होतं, तेव्हा जानेवारीत जन्मलेलं बाळ तिकडच्या हिशेबानं सापाचंच धरा.