चांदीतला खंड्या

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी बहुतेकांच्या कपाटात धनत्रयोदशीला घेतलेलं लक्ष्मीचं चांदीचं नाणं असणार. सराफाकडे मिळणाऱ्या त्या चकतीला आपण नाणं म्हणतो खरं, पण तिच्यावर मूल्य छापलेलं नसतं, ते चलन नसतं. आज मी आणलंय ते ऑस्ट्रेलियाचं चलनी नाणं आहे. वजन एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदी. एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला फांदीवर बसलेला, मोठ्या डोक्याचा एक पक्षी. हा कुकाबुरा.

क्रिकेटवाल्यांना कुकाबुरा म्हटलं की चेंडू आठवतो. पण नाव मुळात या पक्ष्याचं, आणि तो आपल्या खंड्याच्या कुळातला. तळ्याकाठी विजेच्या तारेवर बसलेला खंड्या तुम्ही पाहिलाय. हा त्याचाच आडदांड भाऊबंद. मासे फारसे खात नाही. सरडा किंवा साप चोचीत धरतो आणि फांदीवर आपटून आपटून मारतो. ओरडतो तेव्हा कुणीतरी मोठ्यानं हसतंय असं वाटतं.

पर्थची टांकसाळ १८९९ साली सुरू झाली ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाणींच्या सोन्याचे सॉव्हरिन, म्हणजे सोन्याची ब्रिटिश नाणी, पाडायला. तिनं १९९० मध्ये कुकाबुरा चांदीत आणला. चित्र बहुतेक दरवर्षी नवं असतं, म्हणून एक घेतलं की पुढच्या वर्षाची वाट बघणं आलंच. एक किलोचंही नाणं निघतं. त्यावर मूल्य फक्त ३० डॉलर, आत चांदी त्याच्या कितीतरी पट. कुणी हे घेऊन भाजी आणायला जात नाही.

पण या प्राणिप्रेमाची मुळं संग्राहकांच्या बाजारात नाहीत, लोकांच्या खिशात आहेत. १४ फेब्रुवारी १९६६ ला ऑस्ट्रेलियानं पौंड सोडून डॉलर घेतला, तेव्हा स्टुअर्ट डेव्हलिन या चांदीकारानं साध्या सुट्ट्या पैशांवर स्थानिक प्राणी बसवले. पाच सेंटवर साळिंदरासारखा काटेरी एकिडना, दहावर शेपूट फुलवलेला लायरबर्ड पक्षी, वीसवर प्लॅटिपस, म्हणजे बदकासारख्या चोचीचा केसाळ सस्तन प्राणी. चांदी मात्र एकट्या ५० सेंटात होती, ८० टक्के, आणि त्यावर कांगारू-एमूचं राजचिन्ह. चांदी महागली, नाण्यातला धातू मूल्यापेक्षा वरचढ झाला, लोकांनी ती नाणी घरात दाबून ठेवली. १९६९ ला त्या जागी तांबे-निकेलचं बारा कोनांचं नाणं आलं.

त्या वीस सेंटवर मी थांबतो. भिंगातून बघा. प्लॅटिपस पोहतोय आणि त्याच्याभोवती पाण्याच्या लाटा उमटल्यात. पाणी कोरणं हे फार कठीण काम. १७९९ मध्ये जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञानं इंग्लंडमध्ये प्लॅटिपसचं कातडं तपासलं, तेव्हा कुणीतरी बदकाची चोच शिवून लावली असेल अशी शंका त्याला आली होती. सस्तन असूनही प्लॅटिपस अंडी घालतो हे पक्कं व्हायला १८८४ उजाडलं. विल्यम कॉल्डवेल या प्राणिशास्त्रज्ञानं तशी तार पाठवली. ज्याच्यावर शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना, त्याला त्या देशानं रोजच्या चलनावर मानानं बसवलं. मला हे फार मोठं वाटतं.

आता एक कळकळीची विनंती. चांदी हवेतल्या गंधकानं काळवंडते, ते चालतं. घासू नका. एका दिवाळीत देवघरातल्या भांड्यांबरोबर आईनं माझं एक नाणं रांगोळीनं लखलखीत केलं. पक्ष्याच्या पंखावरच्या बारीक रेघा कायमच्या गेल्या. तिला सांगायचं राहून गेलं होतं, चूक माझीच. नाणं डबीत ठेवा, धरायचं तर कडेनं धरा.

आपल्याकडेही प्राणी नाण्यावर आलेत. १९४७ च्या निकेलच्या रुपयावर वाघ होता, पुढे चार आण्यांवर, म्हणजे पोलादी २५ पैशांवर, गेंडा होता. माझ्या मनात मात्र शेकरू आहे, भीमाशंकरच्या जंगलातला, आपला राज्यप्राणी. तो फांदीवर बसला की झुपकेदार शेपूट खाली सोडतो. चांदीच्या औंसभर नाण्यावर ती शेपूट कडेकडेनं अर्ध्या गोलात उतरलेली मला दिसते, आणि पुढच्या दोन पायांत धरलेलं एक फळ.