रीडिंगचे एमसीक्यू: आन्सर की बघितल्यावर खरा अभ्यास सुरू होतो

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "रोज रीडिंगची टेस्ट सोडवतेय, पण मार्क हलतच नाहीत. काय करू?" म्हणून आज फक्त इंग्रजीच्या परीक्षांमधले रीडिंगचे एमसीक्यू, म्हणजे उतारा वाचून दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न.

बेसिक पटकन उरकू. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला रीडिंगचे 40 प्रश्न, 60 मिनिटं. केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षेला रीडिंगच्या पाचव्या भागात एक उतारा, त्यावर 6 प्रश्न, प्रत्येकाला 4 पर्याय, आणि बरोबर उत्तराला 2 गुण. दोन्हीकडे निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. झालं.

आता मला सांगा, टेस्ट संपली की तुम्ही काय करता? आन्सर की उघडता, मार्कांची बेरीज करता आणि पुढची टेस्ट घेता. अहो, पण शिकायचं तर इथेच असतं! बाकीचे तीन पर्याय का चुकले, ते वहीत कारणासकट लिहा. उत्तर बरोबर आलं असेल तरीही लिहा.

उदाहरण घेऊ. समजा उताऱ्यात असं आहे: 'पगारवाढ मिळाली आणि थोड्याच दिवसांत मारियाने नोकरी सोडली. सहकाऱ्यांना वाटलं, वाढ कमी पडली असेल. ती मात्र सांगते, मी दिवसभर जे करते ते कुणाच्या उपयोगी पडतं, हे मला कधी दिसलंच नाही.' प्रश्न: तिने नोकरी का सोडली?

पर्याय अ, पगार अपुरा वाटला. हे उताऱ्यात आहे, पण ते सहकाऱ्यांचं मत आहे, तिचं नाही. ब, सहकाऱ्यांशी पटत नव्हतं. सहकारी उताऱ्यात आहेत, भांडण कुठेच नाही. क, काम निरर्थक वाटत होतं. ड, दुसरी चांगली नोकरी मिळाली. एरवी हे अगदी शक्य आहे, पण उताऱ्यात त्याबद्दल एक अक्षर नाही. आयईएलटीएसवाल्यांनो, तुमचं 'नॉट गिव्हन', म्हणजे 'उताऱ्यात ही माहितीच नाही' हे उत्तर, ओळखायला हीच नजर लागते.

उत्तर क. आणि बघा, क मधला एकही महत्त्वाचा शब्द उताऱ्यात जसाच्या तसा नाही. ओळखीचे शब्द आहेत ते अ, ब आणि ड मध्ये!

माझ्या बॅचमधल्या एका मुलीचं इंग्रजी छान होतं, तरी मार्क अडकलेले. तिला मी ही कारणं लिहायला लावली. काही आठवड्यांनी वही चाळली, तर तिच्या बहुतेक चुका एकाच जातीच्या निघाल्या. मत दुसऱ्याचं, आणि ती ते लेखकाचं समजत होती. नुसत्या बेरजेतून हे तिला कधीच कळलं नसतं.

म्हणूनच "सगळ्यात लांब पर्याय निवडा", "शंका आली तर क" असल्या ट्रिक सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मुलं फी भरून, रात्री जागून परीक्षेला बसतात हो. पेपर काढणारा चुकीचा पर्यायसुद्धा विचार करून लिहितो. घाईत वाचणारा कुठे फसेल, हे त्याला माहीत असतं. तुम्हालाही ते माहीत हवं, आणि ते चुकीच्या पर्यायांमागची कारणं शोधूनच कळतं.

एकाने विचारलंय, "सर, एवढा वेळ कुठून आणायचा?" वेळ वाढवू नका, टेस्ट कमी करा. तीनऐवजी एकच सोडवा आणि उरलेल्या वेळात कारणं लिहा. सुरुवातीला घड्याळ न लावता. कारणं झटपट सुचायला लागली की मग टायमर लावा.

आणि सराव अधिकृत नमुना पेपरांवरच करा. आयईएलटीएस आणि केंब्रिज, दोघांच्याही वेबसाइटवर ते फुकट आहेत. कुठल्याही अ‍ॅपवरचे प्रश्न उचललेत, तर कधी कधी दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात, कारण प्रश्नच नीट काढलेला नसतो. मग कारण शोधत तासभर बसाल आणि सापडणार काहीच नाही.