वरचा मजला आणि वर्षाचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

इंदूरमध्ये आपल्या मराठी लोकांची घरं एका ठरलेल्या रीतीने उभी राहतात. आधी प्लॉट, मग खालचा मजला, निवृत्तीचा फंड मिळाला की वरचा, आणि मग फाटकावर पाटी: ‘पोर्शन किरायाने देणे आहे’. सुदामा नगरात फिरा की लोकमान्य नगरात, अशी पाटी दिसतेच. मीसुद्धा तेच केलं. आयुष्यभर सरकारी शाळेत गणित शिकवलं, पण घरभाड्याचं गणित मात्र चुकत चुकतच शिकले.

पहिली चूक सांगते. वर एक जोडपं राहायचं. भाडं ८,००० रुपये, तीन वर्षांत पाच तारीख कधी चुकली नाही. शेजारच्यांनी कानात सांगितलं, हल्ली साडेआठ मिळतात. मी हटून बसले, ते सोडून गेले. पाटी दोन महिने लटकली, म्हणजे १६,००० गेले. रंग आणि नळ-दुरुस्तीचे ७,००० वेगळे. वाढीव ५०० रुपयांनी वर्षाला मिळणार ६,०००. हा खड्डा भरायला जवळजवळ चार वर्षं! तेव्हापासून मी भाडं महिन्याचं मोजत नाही, वर्षाअखेर हातात काय उरलं ते मोजते.

आमच्या घराण्यातले तरुण मला विचारतात, ‘मावशी, फ्लॅट घेऊन भाड्याने टाकू का? हप्ता भाड्यातून निघेल.’ मी म्हणते, पेन घे. समजा फ्लॅट ४० लाखांचा. त्यातले ३० लाख कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांचं. हप्ता बसतो सुमारे २६,००० रुपये. आणि भाडं मिळालं ११,०००, तर दर महिन्याला १५,००० खिशातून. बरं, कर्ज नाही असं धरू. वर्षाचे १,३२,०००. त्यातून एक महिना रिकामा गेला, ११,००० वजा. सोसायटीचा मेंटेनन्स महिना दीड हजार, म्हणजे १८,०००. संपत्ती कर आणि दुरुस्तीचे मिळून १८,००० धरा. उरले ८५,०००. चाळीस लाखांवर हे दोन टक्के आणि वर थोडं. बँकेतली ठेव याहून जास्त देते आणि तिचा गीझर बिघडत नाही. जागेची किंमत वाढेल या भरवशावर घेत असाल तर खुशाल घ्या, पण तो भरवसा आहे एवढं मनाशी मान्य करून घ्या. राहत्या घरावर मजला चढवला तर जमीन आधीच आपली असते, म्हणून तिथे हिशेब पुष्कळ बरा बसतो.

आता माणूस निवडायचं. इथे आपली एक खोड आहे. आडनाव विचारायचं, गाव विचारायचं, ‘आपल्यातले’ निघाले की चहा टाकायचा आणि किल्ली द्यायची. आडनावाने भाडं येत नाही हो! पगाराची स्लिप बघा, आधीच्या घरमालकाला एक फोन करा. तो बोलताना अडखळला तरी पुष्कळ कळतं. भंवरकुआँच्या बाजूला क्लासची मुलं राहतात. तिथे खोली पटकन उठते, पण परीक्षा झाली की पटकन रिकामीही होते. तेव्हा बाराऐवजी दहाच महिन्यांचं उत्पन्न धरून चाला. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्या. त्याला वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका. माझ्याकडचा एक मुलगा तर म्हणाला, ‘काकू, मीच भरून आणतो फॉर्म.’

विजेबद्दल जरा थांबून बोलते, कारण इथे आपण स्वतःच्याच हाताने पैसे घालवतो. आपल्या मध्यप्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे, घरगुती विजेवर सवलत देणारी. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत पडतात. आता खाली आपली ११० युनिटं, वर भाडेकरूची ११०, आणि मीटर एकच. कंपनीला दिसतात २२०. दोघांचीही सवलत गेली. आतल्या बाजूला सबमीटर बसवून हे सुटत नाही, त्याने फक्त आपसातली वाटणी होते. वरच्या मजल्याला वेगळं कनेक्शन घ्या. आणि भाडेकरू येताना-जाताना मीटरचा फोटो दोघांनी मिळून काढायचा. भिंती, खिडक्या, पंखे यांचेही. डिपॉझिट परत देताना भांडण होतं ते नेमकं याच गोष्टींवरून. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, मोटर कोण लावणार, हेही किल्ली देण्याआधीच बोलून घ्या.

कागद. आमच्या सासऱ्यांनी जुन्या वाड्यातली एक खोली नुसत्या शब्दावर दिली होती. भाडं ६० रुपये. माणूस सज्जन, पण त्याच्या मुलाने खोली सोडली नाही. तारखा पडत राहिल्या, सासरे गेले, आणि शेवटी वाडा भाडेकरूसकट पडत्या भावाने विकावा लागला. म्हणून करार हवाच. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून सगळे ११ महिन्यांचा करतात. पण बारावा महिना लागला की माणूस आपोआप निघतो, असा समज असेल तर तो काढून टाका. आपल्याकडे १९६१ चा मध्यप्रदेश स्थान नियंत्रण कायदा आहे. त्यात दिलेल्या कारणांशिवाय घर रिकामं करून मिळत नाही. भाडं थकलं असेल तर लेखी नोटीस द्यायची, आणि दोन महिन्यांत चुकतं झालं नाही तर दावा. स्वतःला खरोखर गरज असेल तर तेही कारण धरलं जातं. विधवा, निवृत्त सरकारी कर्मचारी, अपंग अशा मालकांना अशा गरजेसाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे वेगळी, सुटसुटीत वाट आहे. ती कित्येकांना माहीतच नसते. वकिलाला हे नाव घेऊन विचारा. रागाच्या भरात पाणी तोडणं, वीज बंद करणं मात्र नाही. कायद्याने तो गुन्हा मालकाच्या माथी येतो, आणि खरी बाजू असून आपण खोटे ठरतो.

भाडं बँकेत किंवा यूपीआयने घ्या. ‘टॅक्स लागेल’ म्हणून रोख घेणारे खूप आहेत. त्यांना सांगते, वर्षाच्या भाड्यातून भरलेला संपत्ती कर वजा होतो, आणि जे उरतं त्यावर ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीवर रुपया खर्च केला नसला तरी. एवढी सूट मिळत असताना लपवाछपवी कशाला? भाडं थकल्यावर कोर्टात दाखवायला तीच बँकेची नोंद उपयोगी पडते. हो, राहत्या घराला नगर निगमच्या संपत्ती करात जी सूट आहे, ती भाड्याने दिलेल्या भागाला मिळत नाही. तेही खर्चात धरा.

सध्या माझ्याकडे वर राहतो तो सुपर कॉरिडॉरला, आयटी कंपन्या आहेत त्या भागात, नोकरी करतो. परवा जिन्यात भेटला, म्हणाला, ‘काकू, यंदा किती वाढवणार?’ मी वही काढली, मागची तीन पानं चाळली आणि ३०० म्हटलं. तो लगेच हो म्हणाला, आणि तेवढ्यात गीझर दुरुस्त करून मागितला. मेकॅनिक उद्या सकाळी यायचा आहे.

नमस्कार.