अडतीस संघटनांची यादी

[दृश्य: आयोवा नदी, काठावरचं विद्यापीठ, सोनेरी घुमटाची जुनी इमारत]

2018 सालचा उन्हाळा. अमेरिकेतलं आयोवा विद्यापीठ, सरकारी पैशावर चालणारं. विद्यार्थी सुट्टीवर गेले होते आणि विद्यापीठाने 38 विद्यार्थी संघटनांची नोंदणी रद्द केली. कारण दिलं ते असं, की या संघटनांची घटना, म्हणजे नियमावली, विद्यापीठाच्या भेदभावविरोधी नियमाप्रमाणे नाही. त्या यादीत इंटरव्हर्सिटी ही ख्रिस्ती संघटना होती. शीख विद्यार्थ्यांचा क्लब होता. इमाम महदींच्या नावाची मुस्लिम संघटनाही होती.

नोंदणी गेली की विद्यापीठातली खोली मिळत नाही, सत्राच्या सुरुवातीला नव्या मुलांसमोर टेबल मांडता येत नाही, विद्यार्थ्यांच्या फीमधून मिळणारा निधी बंद होतो. अठरा वर्षांचं पोर घर सोडून शेकडो मैलांवर आलेलं असतं. आपल्यासारखी माणसं कुठे भेटतील हे त्याला त्या टेबलावरच कळतं.

[दृश्य: विद्यापीठाचा कॉरिडॉर, सूचनाफलक]

वादाची सुरुवात 2017 मध्ये झाली. वाणिज्य शाखेतल्या एका छोट्या ख्रिस्ती संघटनेत एका समलिंगी विद्यार्थ्याला पदाधिकारी व्हायचं होतं. विवाहाबद्दलची संघटनेची श्रद्धा त्याला मान्य नव्हती, म्हणून पद नाकारलं गेलं. त्याने तक्रार केली. विद्यापीठाने त्या संघटनेची नोंदणी रद्द केली आणि संघटना कोर्टात गेली.

त्या मुलाला जे लागलं ते खरंच होतं, आणि ते बाजूला सारून ही गोष्ट सांगता येत नाही. त्याने पुढे स्वतःची वेगळी संघटना काढली. तिच्या पदाधिकाऱ्यांनी समलिंगी संबंधांना मान्यता देणाऱ्या श्रद्धापत्रावर सही करायची होती. विद्यापीठाने तिची नोंदणी केली. करायलाच हवी होती. फक्त हाच न्याय पहिल्या संघटनेलाही मिळायला हवा होता.

जानेवारी 2018 मध्ये न्यायाधीशांनी नेमकं हेच दाखवून दिलं: नियम एकाला लागतो, दुसऱ्याला नाही. त्यावर विद्यापीठाने सगळ्याच संघटनांच्या घटना तपासायला काढल्या आणि त्यातून ती 38 नावांची यादी आली. तेव्हाही मुलांच्या आणि मुलींच्या वेगवेगळ्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटी या विद्यार्थी मंडळ्या मात्र तशाच राहिल्या. 2021 मध्ये इंटरव्हर्सिटीच्या खटल्यात आठव्या सर्किटच्या, म्हणजे आयोवा ज्याच्या कक्षेत येतं त्या, अपील न्यायालयाने सांगितलं, की विचार पाहून भेदभाव केल्याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणं कठीण.

[दृश्य: दक्षिणेकडचं विद्यापीठ शहर, रस्त्यापलीकडे एक साधी विटांची इमारत]

इंटरव्हर्सिटी सर्वपंथीय आहे, बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची नाही. पण या निकालाकडे बॅप्टिस्ट चर्चचं बारीक लक्ष असणं स्वाभाविक होतं, कारण विद्यापीठांत त्यांची मुळं शंभर वर्षांची आहेत. 1922 मध्ये फ्रँक लेव्हेल यांच्याकडे दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट विद्यार्थी कार्याची सूत्रं आली आणि बॅप्टिस्ट स्टुडंट युनियन गावोगावच्या कॉलेजांत पोचली. आज बऱ्याच राज्यांत तिला बॅप्टिस्ट कॉलेजिएट मिनिस्ट्री म्हणतात.

हे चालतं कसं? रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरते. त्यातला ठरावीक हिस्सा राज्याच्या बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनकडे, म्हणजे चर्चच्या संघाकडे, जातो. 1925 पासून ही पद्धत आहे. त्यातून विद्यापीठात काम करणाऱ्या धर्मसेवकाचा पगार निघतो आणि रस्त्यापलीकडच्या त्या इमारतीचं छप्पर दुरुस्त होतं.

[दृश्य: स्वयंपाकघर, ॲल्युमिनियमचे मोठे ट्रे]

आठवड्यातून एक दिवस दुपारचं जेवण असतं. आसपासची चर्च आळीपाळीने ते करतात. साठी-सत्तरीच्या बायका सकाळीच येतात. चिकन कॅसरोलचे ट्रे ओव्हनमधून निघतात, मक्याचे दाणे, पाव, शेवटी ब्राउनी. मुलं तासाभरात येऊन जेवतात, कोणी दहा मिनिटं बायबलमधलं काही बोलतं, आणि सगळी पुढच्या तासाला पळतात. आजी नावं लक्षात ठेवतात. परीक्षा कशी गेली हे पुढच्या आठवड्यात आठवणीने विचारतात. मला हे कुठल्याही निकालपत्राइतकं मोलाचं वाटतं.

परदेशी विद्यार्थ्यांसाठीही यातल्या अनेक चर्चचं काम असतं: जुनं फर्निचर द्यायचं, विमानतळावरून आणायचं, इंग्रजी संभाषणाचे वर्ग घ्यायचे. पुण्या-मुंबईहून एमएसला गेलेल्या आपल्या मुलांनीही तिथल्या गाद्या आणि टेबलं खोलीवर नेली आहेत. गप्पांत श्रद्धेचा विषय निघतो, आणि ते कोणी लपवत नाही. नको म्हणणाऱ्यालाही गादी मिळते, तोवर त्यात वावगं काही नाही.

[दृश्य: जुनी हस्तलिखितं, तुरुंगाची जाळीदार खिडकी]

धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा बॅप्टिस्टांनी आज नव्याने उचललेला नाही. लंडनमध्ये थॉमस हेल्विस या बॅप्टिस्टाने 1612 मध्ये राजाला बजावलं, की माणसाच्या आत्म्यावर राजाची सत्ता नाही. तो पाखंडी असो, तुर्क (म्हणजे मुसलमान) असो, ज्यू असो, त्याला शिक्षा करणं राजसत्तेचं काम नव्हे. हेल्विस न्यूगेटच्या तुरुंगात वारले. व्हर्जिनियात 1768 पासून परवान्याविना उपदेश केला म्हणून बॅप्टिस्ट उपदेशकांना कोठडीत टाकलं जात होतं. जेम्स आयर्लंड कल्पेपरच्या तुरुंगाच्या गजांतून बाहेर जमलेल्यांना उपदेश करायचे. शेजारच्या परगण्यात सज्जन माणसं अशी कोंडली जातात याचा संताप तरुण जेम्स मॅडिसन यांनी 1774 च्या एका पत्रात व्यक्त केला. पुढे धर्म आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य जपणारी अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती मांडण्यात त्यांचाच पुढाकार होता.

आणि मराठीला बॅप्टिस्ट परके नाहीत. मिशनरी विल्यम केरी बॅप्टिस्टच. ईस्ट इंडिया कंपनीला तिच्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून 1800 मध्ये त्यांनी बंगालमधल्या, डॅनिश अमलाखालच्या श्रीरामपुरात बस्तान बसवलं. मराठीचं 1805 चं व्याकरण आणि वैजनाथ पंडितांच्या मदतीने झालेला 1810 चा कोश त्यांचेच. 1818 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह काढलेलं कॉलेज ख्रिस्ती आणि इतर, दोन्ही तरुणांसाठी होतं.

[दृश्य: अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, पायऱ्या]

हेल्विस यांच्या यादीत तुर्क आणि ज्यू होते, म्हणून तिला वजन आहे. आज एखादं बॅप्टिस्ट चर्च फक्त आपल्या मुलांच्या खोलीसाठी भांडलं आणि शीख क्लबच्या वेळी गप्प बसलं, तर ते आपल्याच पूर्वजांना विसरलं म्हणायचं. सभासद कोणीही व्हावं, पण प्रार्थना चालवणाऱ्याची त्या प्रार्थनेवर श्रद्धा असावी, एवढी मागणी मशिदीची, गुरुद्वाराची, चर्चची सारखीच आहे.

कायदा मात्र अजून पुरता स्पष्ट नाही. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की इतर संघटनांना खोल्या देणाऱ्या सरकारी विद्यापीठाला धार्मिक गटाला उपासनेसाठी नाही म्हणता येणार नाही. पण 2010 मध्ये, हेस्टिंग्ज लॉ कॉलेजच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वेगळं सांगितलं: सभासदत्व आणि पदं सगळ्यांना खुली ठेवण्याचा नियम खरोखर सरसकट असेल, तर तो चालेल. तो निकाल कायम आहे.

खाजगी विद्यापीठांना तर पहिली दुरुस्ती लागूच होत नाही. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने असाच सरसकट नियम आणला, तेव्हा 2012 मध्ये अनेक ख्रिस्ती गटांनी नोंदणी सोडली. असा नियम रोखण्यासाठी तिथल्या टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक राज्यपाल बिल हॅसलम यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं; खाजगी संस्थेच्या कारभारात सरकारने पडू नये, असं त्यांचं म्हणणं. बॅप्टिस्ट परंपरेत वाढलेल्या माणसाला हा युक्तिवाद सहज खोडता येणार नाही. अशा ठिकाणी कोर्टाचा दरवाजा बंद असतो, आणि विद्यार्थ्यांना जमायला जागा द्यायची, सेवकाचा पगार द्यायचा आणि दुपारचं जेवण रांधायचं, हे सगळं जवळच्या चर्चनाच करावं लागतं.