ब्रेकमधली हवा

(दृश्य: उभ्या गाडीत चालकाचा पाय. ब्रेकचं पेडल अर्ध्याच्याही खाली जातं.)

पेडल जिथं घट्ट लागायला हवं, तिथं ते नुसतं दबत चाललंय. दुसऱ्यांदा मारलं की वर येतं, कडक होतं. अशी गाडी पुष्कळ जण महिनोन् महिने चालवतात, दोनदा पाय मारायची सवय लावून घेतात. समोर अचानक कुणी आलं, तर दुसऱ्यांदा पाय मारायला वेळच मिळत नाही. म्हणून हे दुखणं पहिल्याच दिवशी बघायचं.

यातलं बरंचसं काम घरी करता येतं. हवा काढणं, पॅड (चाकाच्या डिस्कला चिमटीत धरणारे घर्षणाचे तुकडे) बदलणं, जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरणं, याला मोठी यंत्रं लागत नाहीत. आत काय चाललंय ते मात्र नीट कळलेलं हवं.

(दृश्य: बॉनेट उघडं. मास्टर सिलेंडर आणि त्यावरची टाकी.)

हा मास्टर सिलेंडर. वर ब्रेक ऑइलची टाकी. पेडल दाबलं की आतला पिस्टन पुढं सरकतो आणि त्याचा दाब बारीक नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. त्यावर चालणारे ब्रेक चारही चाकांना घेऊन आलेली सुरुवातीची गाडी म्हणजे 1921 ची ड्यूसेनबर्ग मॉडेल ए. पुढं बरंच बदललं, पण मूळ गोष्ट तीच राहिली: द्रव जवळजवळ दबत नाही, हवा दबते. नळीत बुडबुडा असला की पायाचा जोर आधी त्याला चेपण्यात खर्च होतो आणि उरलेला चाकाला मिळतो.

मग हवा काढली की झालं? नाही. पाना हातात घेण्याआधी विचारायचं, की हवा आत आली कुठून? ब्रेकची सगळी रचना बंद असते. नुकतंच काही खोललं असेल तर हवा येणारच. ते नसेल, तर कुठंतरी गळती आहे, किंवा टाकी कधीतरी तळाला गेली होती. गळती तशीच ठेवून हवा काढली तर पेडल चार दिवस छान लागतं, आणि हेच धोक्याचं आहे. दुखणं जागच्या जागी राहतं, आपण मात्र निर्धास्त होतो.

टाकीतली पातळी कमी झाली की लगेच वरून भरायची घाई नको. पॅड झिजतात तसे कॅलिपरमधले, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातले, पिस्टन बाहेर सरकतात आणि तेवढं ऑइल खाली उतरतं. पॅड बघा. ते जाड असूनही पातळी उतरत असेल तर गळती शोधा. चाकांच्या आतल्या बाजूला, नळ्यांच्या जोडांवर, होजपाइपवर आणि मास्टर सिलेंडर जिथं बसवलाय त्याच्या मागं.

पायालाही बरंच कळतं. पेडल मऊ आहे आणि पंप केल्यावर वर येतं, तर हवा, किंवा मागच्या ड्रममधले (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यातले) शू, म्हणजे त्याला आतून घासणारे तुकडे, ड्रमपासून फार लांब राहिलेत. पाय स्थिर ठेवलाय, बाहेर कुठं थेंब नाही, तरी पेडल हळूहळू खाली बसतंय, तर मास्टर सिलेंडरची आतली सील गेली. त्यावर कितीही हवा काढली तरी उपयोग नाही. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबायला जड, तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, बघा. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते, तर एखादा कॅलिपर जाम असेल, किंवा होजपाइप आतून फुगून बंद झाला असेल. हा होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि भल्याभल्यांना चकवतो: पायाच्या जोरानं ऑइल पुढं जातं, पण परत येत नाही, आणि ते चाक धरून राहतं.

आता ऑइलबद्दल. ब्रेक ऑइलचा दर्जा ‘डॉट’ क्रमांकानं सांगतात. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही ब्रेक ऑइलं हवेतलं पाणी शोषतात. डॉट 4 कोरं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तीच अट 155 वर येते. लांब उतारावर सतत ब्रेक लावला की कॅलिपर तापतात, ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. गळती नसताना पेडल अचानक खाली जातं ते असं. बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते यासाठीच. टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच घ्यायचा, आणि बाटली नवी, सीलबंद. उघडून वर्षभर पडलेली बाटली वापरू नका. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. आणि इंजिन ऑइलचा एक थेंबही इथं नको, रबरी सील फुगून सगळी रचना वाया जाते.

(दृश्य: गाडी सपाट जागेवर. चाकांना लाकडी अडण्या. जॅकशेजारी घोड्या.)

जॅक हे गाडी उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. उचलल्यावर घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे स्टँड, लावा, गाडीला हातानं हलवून बघा, मगच चाक काढा. यात सवलत घेऊ नका.

(दृश्य: कॅलिपरवरचा निपल, रबरी टोपी काढलेली. त्याला पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं.)

निपल, म्हणजे हवा बाहेर काढायचा पोकळ स्क्रू, नेहमी वरच्या अंगाला असतो, कारण हवा वर चढते. दुरुस्तीत डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निपल खाली येतो, मग दिवसभर पंप करा, हवा निघणार नाही. निपल गंजलेला असेल तर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सहा कोनी सॉकेट लावा. साध्या पान्यानं झटका दिला तर डोकं गोल होतं, नाहीतर निपल मोडून आतच राहतो.

पेडलवर आई बसलीय, चाकापाशी मुलगा.

“दाब, आई.”

“दाबलं. धरलंय.”

तो निपल पाव आटा सैल करतो. पेडल खाली जातं, नळीतून आधी मळकट तपकिरी ऑइल येतं, मग फेस, मग मोठा बुडबुडा डचकन बाहेर पडतो. निपल आवळला.

“सोड आता. हळू.”

क्रम एवढाच, पण तो उलटला की हवा परत आत. निपल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचं नाही, म्हणून प्रत्येक शब्द मोठ्यानं बोलायचा, अंदाजानं चालायचं नाही. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल थेट तळाला गेलं तर मास्टर सिलेंडरचं सील, रोज ते जिथवर जात नाही अशा, गंज धरलेल्या भागावर घासतं आणि फाटतं. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघा. ती रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात.

साधारणपणे मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घेतात. पण पुष्कळ गाड्यांत एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक अशी जोडी असते, तिथं क्रम वेगळा. मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा. एबीएसच्या (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली असेल तर काही गाड्यांना स्कॅनर जोडावाच लागतो. तिथं वर्कशॉपला जावं. गंजलेली धातूची नळीही घरी जोडजाड करून चालवू नका.

(दृश्य: कॅलिपर उघडलेला, तारेनं वर बांधलेला.)

पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेनं बांधा. पिस्टन आत ढकलताना निपल थोडा उघडा ठेवला तर मळकट ऑइल मागं एबीएसकडे न जाता बाहेर पडतं. ढकलून झालं की लगेच निपल बंद. पिस्टनभोवतीचं हे चौकोनी सील बघा. ब्रेक लावला की ते किंचित पिळतं, सोडला की पूर्ववत होतं आणि पिस्टनला केसभर मागं ओढतं. पॅड डिस्कपासून सुटतो तो याच ओढीनं. सील कडक झालं की पॅड घासतच राहतो. सरकणाऱ्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा; एकाच बाजूचा पॅड झिजलेला दिसला तर गुन्हेगार बहुधा इथंच सापडतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याखाली गेलेली डिस्क बदलायचीच. होजच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर दरवेळी नवे.

ड्रम उघडला तर धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. क्लीनरनं ओली करून पुसा. आणि एका वेळी एकाच बाजूचा ड्रम खोला, म्हणजे स्प्रिंगा कशा बसतात ते बघायला दुसरी बाजू शाबूत राहते.

रंगावर सांडलेलं ऑइल लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलला जातो. काढलेलं ऑइल गटारात नाही, मातीतही नाही; बंद बाटलीत ठेवून टाकाऊ तेल घेणाऱ्यांकडे द्या.

गाडी हलवण्याआधी जागेवरच पेडल पंप करा. ढकललेले पिस्टन बाहेर येईपर्यंत पहिले काही दाब रिकामेच जातात, आणि ते उतारावर कळून उपयोग नाही. मग इंजिन चालू करून पेडल जोरात धरा. ते आहे तिथंच थांबलं पाहिजे. मोकळ्या जागेत चालायच्या वेगानं दोन-चारदा थांबून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची पातळी पुन्हा बघा आणि चारही निपलवरून कोरडं बोट फिरवा. बोटाला ओल लागली तर गाडी तशीच उभी ठेवा.