वाजणारा टॅपेट आणि गप्प झालेला टॅपेट

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय, 'प्रवासात जुन्या व्हॅनच्या व्हॉल्व्ह ट्रेनचं निदान'. व्हॉल्व्ह ट्रेन म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या नि धूर सोडणाऱ्या झडपा आणि त्यांना हलवणारी यंत्रणा. त्याकडे येतोच. आधी एक सांगा, लहानपणी मॅटॅडोरमधून लग्नाला किंवा सहलीला गेलेले किती जण आहेत इथे? बघा, जवळजवळ सगळे हात वर. आणि पुढे ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसलेले? तेही बरेच दिसतायत. मग या गाडीचं इंजिन कुठे असतं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या मांड्यांना अजून आठवत असेल.

ही गाडी आपल्या आकुर्डीची. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ सालची, आज तिचं नाव फोर्स मोटर्स. आपल्याकडे मॅटॅडोर या नावाचा असा दरारा होता की कुठल्याही मोठ्या व्हॅनला लोक मॅटॅडोरच म्हणायचे. माझ्याकडे आहे ती १९९२ सालची. आत ओएम ६१६ हे मर्सिडीजच्या घराण्यातलं डिझेल इंजिन, चार सिलिंडर, २.४ लिटर. हे इंजिन १९७३ साली त्यांच्या २४० डी मोटारीत आलं. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा दांडा, वर हेडवर, खालून दुपदरी चेन तिला फिरवते, आणि कॅम नि व्हॉल्व्हच्या मध्ये बोटाएवढा रॉकर. एवढाच सगळा पसारा. झाकण काढलं की डोळ्यांसमोर असतो, लपवाछपवी काही नाही. म्हणून मला हे इंजिन इतकं आवडतं.

आता माझं दुखणं सांगतो. आपल्याला गाडीचा आवाज सहन होत नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा तो रॉकर नि त्याची जुळणी, जरा टकटकला की आपण गॅरेजमध्ये धाव घेतो, आणि "आवाज बंद करा" एवढंच सांगतो. समोरचाही माणूसच असतो, गिऱ्हाईक खूश करायचं म्हणून तो रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट कमी करतो. आवाज जातो. आपण चहा पाजून निघतो. आणि तिथून पुढे व्हॉल्व्ह जळायला लागतो.

माझं असंच झालं. पुण्यातल्याच एका गॅरेजात टॅपेट सेट करून घेतले. गाडी घड्याळासारखी चालायला लागली. तीन महिन्यांनी, डिसेंबरात, आम्ही दोघं गुहागरला निघालो. शिरवळला मिसळ खाल्ली, खंबाटकीच्या घाटात गाडी एरवी तिसऱ्यात चढते तिथे दुसरा टाकावा लागला. म्हटलं, सामान जास्त आहे. वाईत मुक्काम केला. सकाळी थंडी होती. हीटर प्लग दोनदा गरम केले तरी इंजिन उचलेना. उचललं तेव्हा मागे पांढरा धूर, आणि पुढे सगळी केबिन हलतेय. गरम झाल्यावर थोडं सावरलं.

आमची ही तबला शिकलेली. झाकणावर हात ठेवून बसली होती, म्हणाली, "अहो, चारातली एक मात्रा रिकामी जातेय." मंडळी, त्या प्रवासातलं पहिलं अचूक निदान ते होतं, आणि मी ते ऐकून सोडून दिलं. कारण माझ्या डोक्यात नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, बसला होता.

डिझेल गाडीत काहीही झालं की आधी बोट कुणाकडे जातं? नोझल आणि पंप. धूर आला, नोझल. पिकअप गेलं, पंप. गाडी हलते, नोझल. बिचारा पंप इंजिनावरून उतरतो, कॅलिब्रेशनला जातो, परत येतो, आणि दोष जिथल्या तिथे! मला याचा मनापासून राग येतो, कारण पैसा जातो तो जातोच, पण एका निर्दोष यंत्राच्या नाजूक जुळणीला विनाकारण हात लागतो. मीही तेच केलं. रस्त्यावरच्या एका गॅरेजात अर्धा दिवस घालवला, चारही नोझल तपासले, दोन बदलले. पसरणीच्या घाटात गाडी पुन्हा दुसऱ्यातच. महाबळेश्वर ओलांडलं आणि आंबेनळीचा घाट उतरून संध्याकाळी पोलादपूर गाठलं.

तिथे हायवेला पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्क फिटर भेटले. त्यांनी पाना उचलला नाही. आधी विचारलं, "टॅपेटला शेवटचा हात कधी लागला?"

म्हटलं, "मामा, तीन महिने झाले."

"का लावला?"

"आवाज येत होता."

"आता येतो?"

"नाही, अजिबात नाही."

"मग तेच बघूया."

इंजिन चालू ठेवून त्यांनी नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल केले. पहिला सैल केला, इंजिन लंगडलं. घट्ट केला, सावरलं. दुसऱ्याला तसंच, चौथ्यालाही तसंच. तिसऱ्याला काही फरकच नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीपासूनच कामावर नव्हता. हिची रिकामी मात्रा ती हीच! नोझल तर त्याच दिवशी नवा पडलेला. मग इंजिन बंद करून क्रँकच्या पुलीला लांब दांडा लावून हाताने फिरवलं. एकवीसास एक कॉम्प्रेशनचं इंजिन, प्रत्येक सिलिंडर दाबात आला की दांडा अंगावर येतो. तिसऱ्याला तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. त्यांचा पोऱ्या मागे सायलेन्सरला कान लावून बसला होता. ओरडला, "इकडं सुस्कारा येतोय!"

हा सुस्कारा कुठून येतो ते नीट ऐका, कारण सगळं निदान त्यात आहे. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणारा, व्हॉल्व्ह बसत नाही. एअर फिल्टरकडून आला तर हवा आत घेणारा, इनलेट. ऑइल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. चार वाटा, चार उत्तरं, खर्च शून्य.

झाकण उघडलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्याचं, सगळ्यात पातळ, ०.०५ मिलिमीटरचं पातं लावलं, ते शिरेना. रॉकर व्हॉल्व्हच्या डोक्यावर दाबून बसलेला, फटच नाही. बाकीचे बघितले तेव्हा सगळा प्रकार कळला. आठही व्हॉल्व्हना एकच माप दिलं होतं, ०.१०. हे इनलेटचं माप. एक्झॉस्टला गार इंजिनवर ०.३० लागतं. तो जास्त तापतो, जास्त लांबतो, त्याला जागा लागते. शिवाय या इंजिनात सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती बैठक, झिजते तसा व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट आपोआप आणखी कमी होते. व्हॉल्व्हला गार व्हायला मुख्य आधार सीटचा, बंद असताना तो सीटला टेकून आपली उष्णता तिला देतो. टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे? व्हॉल्व्ह आणि सीटमधल्या फटीतून तापलेला वायू निसटतो आणि कड कापत जातो. आणि हे सगळं घडत असताना वरून एक टकटक नाही! वाजणारा टॅपेट निदान तुम्हाला हाक तरी मारतो.

मामांनी त्या रात्री सेटिंग करायला साफ नकार दिला. "इंजिन गार पाहिजे. उद्या सकाळी." मी गयावया केली, ऐकलं नाहीत. त्या नकाराबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. सकाळी चौदा-चौदाचे दोन पाने, वर स्प्रिंगची टोपी धरायला तिसरा, आणि दीड तासात आठही व्हॉल्व्ह झाले. गाडी पहिल्या सेल्फला उठली. वर टॅपेटचा आवाज येत होता, बारीक, एकसारखा. ही म्हणाली, "आली मात्रा." काशेडी चढून आम्ही गुहागरला पोचलो, समुद्रात पाय बुडवले. परत आल्यावर हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्या एक्झॉस्टच्या कडेला नखाएवढी खाच निघाली. तो बदलला, सीटला लॅपिंग केलं, म्हणजे घासून व्हॉल्व्ह नीट बसवला.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं उरलीत. आणि खरा विषय आता सुरू होतोय! भराभर सांगतो.

आवाज वरचा की खालचा, हे आधी ठरवा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरच्या बोल्टवर, मूठ कानाच्या हाडावर. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून एका सैल टॅपेटची टकटक संथ असते, इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल तर ३७५ वेळा. पण डिझेल पेटतं तेही सिलिंडरमागे तितक्याच वेळा, म्हणून नुसत्या वेगावरून फसाल. पाइपाचा नट सैल करून बघा. आवाज गेला तर तो पेटण्याचा किंवा बेअरिंगचा. तसाच राहिला तर टॅपेटचा.

सायलेन्सरच्या तोंडाशी वर्तमानपत्राची पट्टी धरा. एकसारखी बाहेर फडफडली तर ठीक. मधूनमधून आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर संशय घ्या.

टकटक वाढतच असेल, तर फट वाढवण्या-कमी करण्याआधी कॅमला ऑइल पोचतंय का ते बघा. वरून जाणाऱ्या ऑइलच्या नळीचे जोड प्लास्टिकचे असतात, जुने झाले की तडकतात, आणि मग कॅमची नाकं, म्हणजे उंचवटे, झिजतात. झिजलेल्या कॅमला सेटिंग पुरत नाही. स्टार्ट करताना पुढच्या बाजूने खळखळ आली तर चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर.

सेटिंग करताना कॅमचं नाक रॉकरपासून उलट्या दिशेला वर. इनलेट कुठला, एक्झॉस्ट कुठला हे समोरच्या मॅनिफोल्डच्या नळीवरून ओळखा, अंदाजाने नाही. इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा, आणि पुलीवरूनच, कॅमच्या नटवरून कधीही नाही. पातं ओढताना किंचित अडावं, जोर लागू नये. लॉक नट घट्ट केल्यावर पुन्हा मोजा, कारण घट्ट करताना माप हलतं. मापं वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या वेळी कुठली फट किती कमी झाली ते दिसतं, आणि एकाच व्हॉल्व्हची भराभर कमी होत असेल तर त्याची सीट झिजतेय.

प्रश्नांना वेळ राहिला नाही, क्षमा करा. गाडी खाली फाटकाशी उभी आहे, सकाळीच आणून लावलीय, त्यामुळे इंजिन गार आहे. फिलर गेज माझ्या खिशात आहे. ज्यांना स्वतःच्या हाताने ०.३०चं पातं ओढून बघायचंय त्यांनी माझ्याबरोबर खाली या, झाकण उघडतो.